शेवटचा अनुवादक

डिसेंबर लागला की लातुरात नव्या फ्लेक्सचा वास सुटतो. ओल्या शाईचा, रबराचा, थोडा रॉकेलच्या जवळ जाणारा. तुरी निघायला लागलेल्या असतात, डाळमिलच्या बाजूनं पिवळी धूळ येते, कुणाच्या तरी रानात हुरडा चाललेला असतो. पण हे सगळे वास फ्लेक्सच्या मागून येतात. जूनमध्ये चौकाचौकांत चढलेली गुणवंत मुलं तोवर उन्हापावसानं फिकी पडलेली असतात. कुणाचा एक गाल गेलेला असतो, कुणाच्या टक्क्यांमधला दशांश टिंब. त्यांच्या तोंडावर पुढच्या वर्षीच्या बॅचची जाहिरात ताणली जाते.

माझ्या गॅलरीसमोरच असा एक लोखंडी सांगाडा आहे. निवृत्त माणसाच्या समोर नदी किंवा टेकडी असावी, असं सगळे सांगतात. माझ्यासमोर इंटिग्रेटेड बॅच आहे. परवा सकाळी चहा घेत बसलो होतो, तर दोन माणसं नवा फ्लेक्स दोरीनं बांधत होती, आणि तो वास आला. वासावरून लोकांना आजोळ आठवतं, शाळेची पहिली वही आठवते. मला मत्सर आठवतो. एका वर्षी तो दीड महिना बरगड्यांच्या खाली मुक्कामाला होता. परवा बरोबर त्याच जागी हलला.

त्या वर्षी लातुरात मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरणार होतं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचं आतलं लिखाण कुणालाही बघता येतं, बदलता येतं, पुढे वाटता येतं असं. ते कुणा एका कंपनीचं नसतं. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून लिहितात आणि एका ठिकाणी जमा करतात. आमची हौस अशी, की हे सॉफ्टवेअर मराठीत बोललं पाहिजे. पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना मराठीत हवी. 'आमची' हा शब्द मी सभ्यपणानं वापरतोय. सुरुवातीची काही वर्षं ती फक्त माझी हौस होती, आणि तशीच राहिली असती तर मला चाललं असतं.

कॉम्प्युटर माझ्या हाताला लागला तो भूकंपामुळे, हे सांगताना अजून अवघडल्यासारखं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचो. अक्षर बरं आणि आकडेमोड पक्की, म्हणून त्या ऑक्टोबरात मला मदतकार्याच्या कचेरीत धाडलं. औशाच्या रस्त्यावर पत्र्याची शेड होती. आत बाहेरगावच्या मदतवाल्यांनी आणलेले दोन कॉम्प्युटर होते, वर पाऊस वाजायचा, आणि मी गावांच्या याद्या टाइप करायचो. नाव, घरातली माणसं, उरलेली माणसं. याद्यांखेरीज बाहेरच्या फळ्यावर लावायच्या सूचनाही माझ्याकडेच होत्या. 'कृपया आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करावी.' एका ओळीत सगळं कसं बसवलं, याचं मला कौतुक वाटायचं. फळ्यापुढे माणसं उभी असायची. ती वाचत होती की नुसती उभी होती, हे बघायला मी कधी बाहेर गेलो नाही.

मदतवाले गेले आणि त्यांचे कॉम्प्युटर आमच्या कॉलेजला मिळाले. गावात मी कॉम्प्युटरवाले सर झालो. पुढे लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला, जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं इथं राहायला आली, गल्लीगल्लीत मेस निघाल्या, आणि सगळं गाव पहाटेपासून सायकलवरून एका बॅचमधून दुसऱ्या बॅचकडे जायला लागलं. त्या गर्दीत मी एकटा लॅबमध्ये बसून सॉफ्टवेअरची वाक्यं मराठीत आणत होतो. फाइलला मी 'धारिका' केलं, फोल्डरला 'संचिका', बाहेर पडण्याच्या बटणाला 'निर्गमन'. प्रिंटरला कागद लागला तर पडद्यावर यायचं, 'मुद्रकात कागदाचा अभाव आहे'. मला ते फार भारदस्त वाटायचं.

नांदेडला मी एकदा या कामाबद्दल कार्यशाळा घेतली होती. शेवटच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. सुनंदा बिरादार. माहेर देवणीचं, नोकरी किनवटच्या पुढं जंगलातल्या एका आश्रमशाळेवर. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, बाहेर जायचं असंल तर 'बाहेर' का न्हाई लिहीत?" लोक हसले. मी परिभाषेच्या शिस्तीवर दहा मिनिटं बोललो. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, त्यामुळे मला वाटलं, पटलं.

पटलं नव्हतं. त्यांच्या शाळेत सरकारी योजनेतून आलेले दोन कॉम्प्युटर कपड्याखाली झाकून ठेवलेले होते. त्यांनी तो कपडा काढला आणि माझी भाषा दुरुस्त करायला घेतली. किनवटकडे इंटरनेट नव्हतं. त्या पोस्टानं सीडी पाठवायच्या, मी लातुरातून ते काम परदेशातल्या मुख्य साठ्यात चढवायचो. सुरुवातीला पाच-पन्नास दुरुस्त्या असायच्या. मी वडीलकीनं स्वीकारायचो. दोन वर्षांत त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळंच नव्यानं केलं.

मग नोव्हेंबरात अझहरचा फोन आला. अझहर माझा विद्यार्थी. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होता, तिथल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळींत त्याचं वजन होतं. यंदाचं संमेलन पुण्यात न घेता लातुरात घ्यायचं त्यानं ठरवून आणलं होतं. मला आनंद झाला. भाषणाला सुरुवात कशी करायची हेही मी फोनवर असतानाच ठरवून टाकलं. मग तो म्हणाला की मुख्य भाषण सुनंदा मॅडमचं ठेवलंय, आणि सर, तुमचा सत्कार.

महाराष्ट्रात सत्कार कुणाचा करतात, हे मी इतकी वर्षं बघत आलो आहे. ज्याच्या हातात माइक द्यायचा नसतो त्याच्या हातात नारळ देतात. अझहरला मी म्हणालो, छान, योग्य निवड आहे. फोन ठेवला तेव्हा बायको शेंगा निवडत बसली होती. तिला सांगितलं. तिनं वर न बघता म्हटलं, "कपाटात शाली मावेनात. एकदा तरी माइक घेऊन या."

तयारीचे ते दिवस अजून तुकड्यातुकड्यांनी येतात. सकाळचं कोवळं, पातळ ऊन. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं. लॅबमधले वीस कॉम्प्युटर एकदम बंद पडल्यावरची शांतता, आणि त्या शांततेत एकट्या यूपीएसचं टिटवीसारखं ओरडणं. सीडी तयार करणाऱ्या यंत्रातून निघालेली सीडी भाकरीसारखी गरम असायची. हातात धरायला बरं वाटायचं. संमेलनाला येणाऱ्या प्रत्येकाला एक सीडी द्यायची, घरी जाऊन त्यानं आपल्या मशीनवर मराठी चढवायचं, असं ठरलं होतं. त्या सीडी करणं, त्यांची कव्हरं करणं आणि वीस मशीन तयार ठेवणं ही कामं माझ्याकडे होती. म्हणजे मॅडमचं जेवण, माझी भांडी.

हॉल मिळणं अवघड होतं. लातुरात तीनशे माणसं बसतील अशी प्रत्येक जागा कुठल्या तरी बॅचनं धरलेली. शेवटी इंगळे सरांनी, म्हणजे गावातल्या एका मोठ्या फिजिक्स क्लासच्या मालकांनी, रविवारी दहा ते एक त्यांचा हॉल दिला. एकला बॅच होती. त्याबदल्यात ते स्वागताध्यक्ष झाले. पहिल्या बैठकीत मी त्यांना समजावून सांगितलं की हे सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं असतं, कुणीही घ्यावं, कुणीही शिकवावं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सर, फुकट म्हटलं की लातूरचं पोरगं येत न्हाई," ते म्हणाले. "त्याला वाटतं, मास्तर कच्चा असंल." यावर उपाय म्हणून त्यांनी प्रत्येकाला सर्टिफिकेट द्यायचं ठरवलं, जाड कागदावर, सोनेरी काठाचं.

फ्लेक्सचं काम त्यांच्या नेहमीच्या माणसाकडे दिलं. त्याच्या मशीनवर एकच नमुना तयार होता: वर संचालक, मध्ये गोलांत गुणवंत, प्रत्येक गोलाखाली टक्के. त्यानं मला फोन करून विचारलं की बिरादार मॅडमला टक्के किती टाकू. मी म्हणालो, त्यांना टक्के नाहीत. तो म्हणाला, मग 'किनवटची शान' टाकतो, मोकळं बरं दिसत नाही. फ्लेक्स चढला त्या दिवशी मी दोनदा तिकडून गेलो. तिसऱ्यांदा, रस्ता मोकळा बघून, खालून वितीनं अंदाज घेतला. त्यांचा गोल दोन विती, माझा एक. पन्नाशीला आलेला, दोन विषयांत एम. ए. केलेला माणूस भर रस्त्यात फ्लेक्सकडे हात उंचावून उभा होता, हे कुणी पाहिलं नाही एवढीच त्यातली इभ्रत.

तसं पाहिलं तर मी समारंभांना हसणारा माणूस. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलनाला न पेटणारी मेणबत्ती, 'दोन शब्द' म्हणून अर्धा तास बोलणारे पाहुणे, यांच्यावर स्टाफरूममध्ये माझं चांगलं चालायचं. त्या दीड महिन्यात मला कळलं की मी त्या थाटामाटाला हसत होतो, कारण तो दुसऱ्यांचा होता.

संमेलनाच्या पंधरा दिवस आधी सुनंदा मॅडम लॅब बघायला आल्या. आदल्या दिवशी किनवटहून नांदेडला बहिणीकडे, आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं लातूर. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या सीडी आणि एक लांबडी वही. मी चहा मागवला. त्यांनी वही उघडून दाखवली. प्रत्येक पानावर एकेक शब्द, त्याखाली खोडलेले दोन-तीन, आणि समोर हॉस्टेलातल्या मुलींची नावं.

त्यांची पद्धत त्यांनी अशी सांगितली. एक मुलगी मशीनसमोर बसवायची. आपण मागं उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. जिथं तिचा हात माउसवरून उठला, तिथला शब्द चुकला. तो खोडायचा, दुसरा घालायचा, आणि आता दुसरी मुलगी बसवायची, कारण पहिलीला पाठ झालेलं असतं. काही मुली घरी गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या, त्यांची मराठी शाळेतली. त्यांचाही हात उठला नाही, की शब्द पक्का. फोल्डरचा 'कप्पा' असा पक्का झाला होता. 'छापा', 'ठेवा', 'बाहेर', सगळे असेच. एका शब्दासमोर नऊ मुलींची नावं होती.

मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, की माझे शब्द असताना काय व्हायचं.

"तुमच्या शब्दांवर पोरी हात उचलत न्हवत्या सर," त्या म्हणाल्या, "जोडत होत्या." आणि स्वतःच खळखळून हसल्या. त्या हसण्यात माझ्याविषयी काही वाईट नव्हतं. वाईट असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या दिवशी त्यांना लॅब दाखवली, जेवायला घरी नेलं, बायकोनं त्यांना तिळाची चटणी बांधून दिली, बसला सोडून आलो. परत येताना एकच गोष्ट सलत होती. ही पद्धत सुचायला व्याकरण लागत नाही, कोश लागत नाहीत. कुणालाही सुचली असती. मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती, कारण माझ्यापुढं मशीनवर कधी कुणी मुलगी बसलेलीच नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून शब्द घडवत होतो आणि भिंतीला ते आवडत होते.

आता जे झालं ते सांगण्यासाठी आमच्यातली एक रीत सांगावी लागेल. भाषांतराच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर चार-सहा ओळी असतात. वापरणाऱ्याला त्या कधी दिसत नाहीत. तिथं काम करणाऱ्यांची यादी असते. ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या हातानं घालायचं. यादीखाली आणखी एक ओळ असते, 'शेवटचा अनुवादक'. ती सॉफ्टवेअर स्वतःच भरतं. जो कुणी फाइल बदलून शेवटी सेव्ह करील त्याचं नाव तिथं येतं आणि आधीचं पुसलं जातं. या सगळ्या खटाटोपात माणसाच्या पदरात पडतं ते एवढंच.

सुनंदा मॅडमनी वरच्या यादीत स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. तिथं माझं एकट्याचं होतं, जुनं. त्यांचं नाव फक्त खालच्या ओळीत होतं, सॉफ्टवेअरनं घातलेलं. यादीत नाव घालावं लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण ते सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी मी लॅबमध्ये त्यांची फाइल उघडली. तपासायला म्हणून. वाचत गेलो. वाक्यामागून वाक्य सरळ, मोकळं, कुठं अडत नव्हतं. दोष सापडावा म्हणून मी वाचत होतो आणि तो सापडत नव्हता. शेवटी छपाईच्या भागात एक सूचना आली: 'प्रिंटरमधला कागद संपला. कागद घाला.' मी स्वतःला म्हणालो, हे जरा तुसडं वाटतं. यंत्र झालं म्हणून काय, माणसाशी अदबीनं बोलावं. मी 'कागद घाला'च्या आधी 'कृपया' टाइप केलं आणि सेव्ह केलं.

दुसरं काहीही केलं नाही. एक शब्द, तोही सभ्य. पण माथ्यावरच्या ओळीतून त्यांचं नाव गेलं आणि माझं आलं, आणि दोन वर्षांच्या त्यांच्या कामावर आता कुठंही त्यांचं नाव नव्हतं. मी पडद्याकडे बघत राहिलो. तो शब्द पुसणं माझ्या हातात होतं. वरच्या यादीत त्यांचं नाव घालणंही माझ्या हातात होतं, दहा सेकंदांचं काम. मी फाइल वीसही मशीनवर चढवली, सीडीत घातली, परदेशात पाठवली. मग कव्हरं केली. 'अनुवाद' या शब्दापुढं काय छापायचं? फाइलमध्ये जे होतं तेच छापलं. गणितात याला पायरी सुटली असं म्हणतात. उत्तर मात्र कागदावर बिनचूक दिसतं.

संमेलनाच्या सकाळी अझहर पुण्याहून आला. सीडी हातात घेतली, उलटून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "सर, कव्हरवर मॅडमचं नाव राहिलं का?" मी म्हणालो, फाइलमध्ये होतं ते छापलंय. त्यानं मान हलवली. तो प्रोग्रामर होता. फाइलमध्ये आहे म्हटल्यावर त्याच्यापुढं बोलणंच खुंटतं. पण नंतर दिवसभर तो मला दोनदा 'सर' न म्हणता बोलला.

कार्यक्रम दहाला सुरू व्हायचा तो पावणेअकराला झाला. दीप, हार, स्वागतगीत. इंगळे सर मुक्त सॉफ्टवेअरवर बोलताना त्यांच्या क्लासच्या निकालावर कसे आले ते कळलं नाही, पण तिथून ते परत आले नाहीत. मग माझा सत्कार. सूत्रसंचालकानं परिचय म्हणून सीडीचं कव्हर वाचून दाखवलं: संपूर्ण मराठी अनुवाद सरांचा. टाळ्या झाल्या. शाल पडली, नारळ आला, आणि मग इंगळे सरांनी मोठ्या मनानं माइक माझ्या हातात दिला. दोन शब्द बोला, म्हणाले.

समोर पहिल्या रांगेत सुनंदा मॅडम बसल्या होत्या, मांडीवर ती सीडी. सगळ्यांसारख्या टाळ्या वाजवत होत्या. माइक हातात होता. एवढे दिवस ज्याच्यासाठी पोट जळत होतं तो माइक. मी म्हणालो, "आभारी आहे." ते मोजून दोन शब्द झाले, आणि लोकांना माझा विनय फार आवडला.

मुख्य भाषणाला वीस मिनिटं उरली. बाहेर एकच्या बॅचची मुलं दप्तरं घेऊन जमायला लागली होती, काचेला नाकं लावून बघत होती. सुनंदा मॅडम स्टेजवर गेल्या आणि त्यांनी भाषण केलंच नाही. त्यांनी हॉलच्या दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या कोंडामावशींना वर बोलावलं. मावशी त्या क्लासमध्ये झाडलोट करायच्या. किल्लारीकडच्या एका गावच्या, भूकंपानंतर लातुरात आलेल्या. वाचायला प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या. मावशी नको नको म्हणत वर गेल्या. मॅडमनी त्यांना लॅबमधून आणून ठेवलेल्या मशीनसमोर बसवलं, पडद्यावर काय दिसतंय ते प्रोजेक्टरवरून सगळ्या हॉलला दिसत होतं, आणि स्वतः मागं जाऊन हात बांधून उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "तुमचं नाव लिहा मावशी, आन् छापून घरी न्या."

तीनशे माणसं एका बाईचं बोट बघत बसली. मावशींनी वाचलं, शोधलं, दाबलं. कप्पा उघडला. कोरं पान आलं. 'कोंडाबाई' लिहायला बराच वेळ लागला. मात्रा चुकली, मग सापडली, तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्टी मारली. 'ठेवा' दाबलं. 'छापा' दाबलं. त्यांचा हात एकदाही माउसवरून उठला नव्हता. अझहर खुर्चीच्या कडेला आला होता.

प्रिंटरमध्ये कागद नव्हता. होता तो सगळा सकाळी सोनेरी काठाच्या सर्टिफिकेटांच्या चाचणीत संपला होता, आणि बघायचं काम माझं होतं. पडद्यावर सूचना आली. मावशी अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागल्या. प्रिंटरमधला. कागद. संपला. कृपया.

तिथं त्या थांबल्या. हात माउसवरून उठला. मग त्या खुर्चीवरूनही उठल्या, पदर सारखा केला आणि मागं वळून म्हणाल्या, "माझ्या कागदात काही कमी हाय का, बाई?"

मुलं हसली. हॉलमधली काही वयस्क माणसं हसली नाहीत; ती कुठल्या गावांकडची असतील ते मला कळलं. ज्या फळ्यांपुढं मावशी भूकंपाच्या वर्षी उभ्या राहिल्या असतील, त्यांतला एखादा माझा असेलच असं नाही. असे फळे तेव्हा गावोगाव होते. पण सगळ्यांवरची भाषा माझीच होती.

सुनंदा मॅडमनी पडद्याकडे बघितलं. आपल्या लेकराच्या अंगात दुसऱ्याचा सदरा दिसावा तसं, क्षणभर. मला वाटलं आता त्या माझ्याकडे बघतील. त्या मावशींजवळ गेल्या. "तुमचं काहीच कमी न्हाई मावशी. मशीनचाच कागद सरला, ते मागून राहिलंय. घाला की." कुणीतरी कागद आणला, मावशींनी स्वतःच्या हातानं घातला, आणि नाव छापून बाहेर आलं. त्यांनी ते आधी उलटं धरलं, मग सुलटं. मग जो टाळ्यांचा आवाज झाला तसा आवाज इंगळे सरांच्या हॉलनं कुठल्याही निकालाला ऐकला नसेल.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला आधी लाज वाटली नाही. आधी वाटलं, हे मला का सुचलं नाही. लाज नंतर आली, चालत चालत, बसस्थानकापर्यंत.

नांदेडची गाडी लागली होती. मी त्यांची पिशवी घेऊन आलो होतो. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभा. सांगायचं ठरवून आलो होतो आणि गाडी सुटेपर्यंत ते टाळण्याची पूर्ण तयारी होती. पण ड्रायव्हर चहाला गेला. मी म्हणालो, "मॅडम, ते 'कृपया' मी घातलं होतं."

"माहीत हाय सर. सकाळी सीडी लावून बघितली की तिथल्या मशीनवर. माथ्यावर तुमचंच नाव होतं."

"मग बोलला का नाहीत? माझा सत्कार चालला होता तेव्हा?"

त्यांनी जरा विचार केला. रागावलेल्या दिसत नव्हत्या. वर्गात एखादं गणित दोन प्रकारे सुटतं तेव्हा कुठला सांगावा, तसा विचार. "बोलले असते तर सगळे तुमच्याकडं बघत बसले असते," त्या म्हणाल्या. "मला लोकांनी मावशीकडं बघायला पायजे होतं."

ड्रायव्हर आला, गाडी थरथरायला लागली. खिडकीतून वाकून त्यांनी एवढंच सांगितलं, की तो शब्द तेवढा काढा आणि वर पाठवा, माझ्याकडं नेट न्हाई. नावाचा विषय त्यांनी काढला नाही. मी इतके दिवस ज्याच्यासाठी जळलो आणि ज्याच्यासाठी वाईट वागलो, ते त्यांच्या यादीत मोडतच नव्हतं. एखाद्याचं काही चोरावं आणि त्याला ते गेल्याचं फारसं वाटू नये, यासारखा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो शब्द काढला. सेव्ह केल्यावर सॉफ्टवेअरनं इमानानं पुन्हा माझंच नाव लिहिलं. बिघडवणारा आणि निस्तरणारा यांतला फरक त्याला कळत नाही. मग मी वरच्या यादीत गेलो. तिथली रीत अशी, की नावं काळाच्या क्रमानं यावीत. आधी आलेला वर, नंतरचा खाली. म्हणजे आधी मी, मग त्या. नियमच तसा आहे. 'सुनंदा बिरादार' मी माझ्या नावाखाली टाइप केलं, आणि नियम तसा असल्याचं मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलो नाही. अझहरला सगळं पत्रानं कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, आणि त्यात 'सर' होतं.

आता त्या यादीत पुष्कळ नावं आहेत. पुण्याची, नागपूरची, दोन तर परदेशात राहणारी. शेवटचा अनुवादक दर काही महिन्यांनी बदलतो. सध्या जो आहे त्याला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. सुनंदा मॅडम मुख्याध्यापक झाल्या, त्यांच्या शाळेच्या दोन मुली याच कामात आहेत असं ऐकतो. यादीत सगळ्यात वर अजून मीच आहे. खाली मजकुरात माझा एकही शब्द उरलेला नाही.

दरवर्षी या दिवसांत मी ती फाइल उतरवून घेतो आणि पहिल्यापासून वाचतो. कुणी तरी त्यांचे शब्द बदलले असतील, अशी एक आशा असते. परवाही वाचली. तीन तास लागले. बहुतेक सगळे जागच्या जागी होते. फक्त एका ठिकाणी, नेटवर्कच्या भागात, मला त्यांच्यापेक्षा बरा शब्द सुचला. खरोखरच बरा, बायकोला ऐकवला, तिलाही लगेच कळला. मी तो टाइप केला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि सेव्ह न करता फाइल बंद केली.